अख्खा अल्बम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत: सध्या काय ऐकून राह्यले?

धुऱ्यावरचा

यंदा दोन एकर हरभरा आहे. या आठवड्यात आमच्या फिडरला मोटर चालवायची थ्री फेज लाईन रात्री बाराला येते. वावराला लागून नाला, नाल्यात रानडुकरं. शेजारचे काका म्हणाले, माणसाचा आवाज राहू दे, डुकरं शिरत नाहीत. म्हणून सोमवारी बाभळीला स्पीकर टांगला आणि घरात हाती लागला तो पेनड्राईव्ह लावला. त्यात बाबांच्या कॅसेटवरून कधीकाळी उतरवून ठेवलेला 'राम श्याम गुणगान' निघाला. भीमसेनजी आणि लतादीदी, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, १९८५ चा.

स्प्रिंकलरचे पाईप बदलले, शेकोटी केली, बसलो. पहिलं भजन सुरू झालं आणि मला बाबांचा टेपरेकॉर्डर आठवला. रात्री ओलिताला जाताना ते तो पोत्यात गुंडाळून न्यायचे, दवानं भिजू नये म्हणून. तेव्हा स्प्रिंकलर कुठलं, दांडानं पाणी. घड्याळ ते बांधत नसत. कॅसेटची एक बाजू संपून बटणाचा खटका पडला की पाणी पुढच्या सऱ्यांत घ्यायचं, हा हिशोब. बॅटरी धरणं आणि कॅसेट पलटवणं ही दोन कामं माझी. चिखलाचे हात पँटीला नीट पुसल्याशिवाय कॅसेटला हात लावू देत नसत.

तेव्हा नुसती गाणी ऐकली. आता चाळिशीत ऐकताना खळेकाकांचं काम दिसतं. बाईचा आणि पुरुषाचा सा एका जागी नसतो. दोघांनी मिळून गायचं तर एकाला आपली जागा सोडावी लागते, आणि बहुतेक वेळा ती ओढाताण कानाला कळते. इथं कळत नाही. भीमसेनजींसारखा आवाज दीदींच्या शेजारी असा शांत बसलेला मी दुसरीकडं ऐकला नाही.

खळेकाका आणि भीमसेनजी एकाच वर्षी गेले, २०११ ला. बाबा २०१४ ला. दीदी २०२२ ला. सोमवारी रात्री लाईन गेली, मोटर बंद झाली, तरी मी दुसरी बाजू संपेपर्यंत उठलो नाही.

तर सांगा. सुटं गाणं नको, अख्खा अल्बम, क्रम न मोडता. सध्या कोणता ऐकताय, कुठं बसून ऐकताय?

तूरवाला

भाऊ स्पीकरनं डुक्कर चार दिवस थांबते. पाचव्या दिवशी त्याले समजते का हा आवाज जागचा हालत नाही. माह्या तुरीत असंच झालं. रोज जागा बदलवजो. आज बाभळीले त उद्या विहिरीपाशी. रोही, नीलगाय म्हनतात तो, त कशालेच भेत नाही, उभा राहून आयकते.

गाण्याचं मंग सांगतो. ढोरं सोडाची आहे.

झाडीची लेक

दुपारी शिलाई मशीनवर बसते तेव्हा 'कट्यार काळजात घुसली'चा अल्बम लावते, २०१५ च्या सिनेमाचा. दोन महिने झाले, दुसरं काही लावलं नाही. पोरगी म्हणते आई बदल ना आता.

मी वडशाजवळची. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी झाली की गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि नाटकं सुरू होतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. घंटा रात्री दहा-अकराला, पडदा पडतो तेव्हा कोंबडे आरवत असतात. घरात पाहुणे इतके की झोपायला जागा नसते, म्हणून सगळेच नाटकाला. आम्ही संध्याकाळीच चटई टाकून जागा धरायचो. बाबांना अगदी पुढं बसायचं असायचं, कारण त्यांना ऑर्गनवाल्याची बोटं पाहायची असायची. नट स्वतः गातो, समोर वादक बसलेले, आणि वन्स मोअर आला की पुन्हा तेच गाणं, मग कथेत कुणी मरायला टेकलेलं का असेना. बाबा स्वतः रोवणीला चिखलात उभे राहून नाट्यगीतं म्हणायचे. शिक्षण चौथी.

तर कट्यार. मूळ नाटक १९६७ चं, लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. ते नागपूरचे, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. चाली जितेंद्र अभिषेकींच्या. सिनेमात जुनी पदं ठेवली आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नवी घातली. मला भीती होती की नवी गाणी उपरी वाटतील. नाही वाटली. महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो नव्या गाण्यासाठीच. मी क्रमानं ऐकते कारण एका घराण्याचं गाणं आणि लगेच दुसऱ्या घराण्याचं, असं भांडण चालू असल्यासारखं वाटतं. सुटं ऐकलं तर भांडण दिसत नाही, नुसत्या ताना दिसतात.

बाबा असते तर मशीनजवळ येऊन बसले असते.

मूर्तिजापूरवाला

@झाडीची लेक ताई, दारव्हेकर नागपूरचे, तर त्या नाटकात खाँसाहेबांचं काम करून ज्यांनी ते गाजवलं ते आमच्या मूर्तिजापूरचे! डॉ. वसंतराव देशपांडे, जन्म २ मे १९२०. लहानपणीच नागपूरला गेले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले. पुढं कितीक वर्षं लष्कराच्या हिशोब खात्यात नोकरी करत गात राहिले. नातू राहुल देशपांडे सिनेमातल्या कट्यारमध्ये गायले, आणि वसंतरावांवरच्या 'मी वसंतराव' सिनेमासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी सध्या तो 'मी वसंतराव'च ऐकतो. पहाटे चारला दुधाचे कॅन घेऊन निघतो, सात गावं, गाडीत तोच. आमच्या गावाला लोक अजून शकुंतला या छोट्या रेल्वेसाठी ओळखतात. वसंतरावांसाठी ओळखावं असं मला मनापासून वाटतं.

कापूसवेचणी

मी नुसती वाचून राह्यली. वेचायला बाया नाहीत, मीच जाते. फोनमध्ये नेट पण नाही वावरात. पण वाचून बरं वाटलं.

झाडीची लेक

@कापूसवेचणी पाठ सांभाळ वं बाई. दुपारी जरा आडवी होत जा.

एसटीचा पास

मी सगळ्यात लहान असेन इथं. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. गाव ते यवतमाळ एसटीनं पाऊण तास, आणि माझा अल्बम ४३ मिनिटांचा. स्टँडवर गाडी सुटली की सुरू करतो, यवतमाळ आलं की संपतो. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्लिश बँडचा 'द डार्क साईड ऑफ द मून', १९७३ चा. माझ्या बाबांचा जन्मही त्यानंतरचा.

होस्टेलवरच्या मित्रानं दिला होता. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. सुरुवातीला काळजाचे ठोके, शेवटी पुन्हा तेच ठोके. मध्ये एकदम पन्नास घड्याळं ठणठणतात, मी सीटवर दचकलो होतो. ते घड्याळांचे आवाज खरोखर घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपलेले आहेत, ध्वनीमुद्रण करणाऱ्या ॲलन पार्सन्स यांनी.

पण मला लिहायचं आहे ते वेगळं. त्यात एक गाणं आहे, शब्द नाहीतच. क्लेअर टोरी नावाची बाई नुसता आवाज लावते. तिला स्टुडिओत बोलावलं, शब्द दिले नाहीत, मरणाबद्दल आहे एवढंच, आणि गा म्हणाले. तिनं काही वेळा गाऊन दिलं, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. तिला वाटलं हे कुणी वापरणार नाही.

दिवाळीत घरी होतो. आजी ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी एक इअरफोन तिच्या कानात घातला आणि तेच गाणं लावलं. तिनं सूप खाली ठेवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "कोन मेलं बाप्पा हिचं?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

निवृत्त गुरुजी

@एसटीचा पास बेटा, तुझी आजी मोठी रसिक आहे. आपल्याकडं बाया मयतीला रडतात त्यालाही सूर असतो, ओव्या असतात, गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सांगतात. जिनं आयुष्यभर ते ऐकलं, तिला भाषेची गरज पडली नाही. तिला माझा नमस्कार सांग.

त्या गायिकेला पुढं काही मिळालं का?

एसटीचा पास

हो गुरुजी. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये समझोता झाला. आता त्या गाण्याच्या रचनेत तिचंही नाव लागतं. बत्तीस वर्षांनी.

चिपवाला

बत्तीस वर्षं! पण लागलं ना नाव. बरं वाटलं वाचून.

माझं मोबाईलचं दुकान आहे, बाजाराच्या गावाला. २०१० पासून सात-आठ वर्षं मी चिपा, म्हणजे मोबाईलची मेमरी कार्डं, गाण्यांनी भरून दिल्या. दोन जीबीची चिप, माणूस काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "भर भाऊ चांगले चांगले." माझ्या कॉम्प्युटरवर फोल्डर: दर्दभरे, भीमगीत, राष्ट्रसंत, लग्नाचे डीजे, धुमाल बँड, आरत्या. बाजाराच्या दिवशी रांग लागायची. कुणाच्या घरी कोणतं गाणं वाजतं हे मला घरच्यांच्या आधी माहीत असायचं. ज्या पोराचं फोल्डर एकदम दर्दभरे झालं त्याला मी चहा पाजायचो.

२०१६ ला सैराट आला. लोक भांडायचे, चारच गाणी कशी, बाकीची तुझ्याकडं नाहीत का. मी शपथेवर सांगायचो, अल्बमच चार गाण्यांचा आहे. त्यातली व्हायोलिनं अमेरिकेत हॉलिवूडला ऑर्केस्ट्रा बसवून टिपलेली, हे सांगितलं की म्हणायचे, "मंग बराबर आहे, खर्चात गेले बाकीचे गाने."

पण एक सल आहे. अल्बम फोडायचं काम मीच केलं. कुणाला पूर्ण अल्बम दिला असं आठवत नाही. सगळ्यांचे हिट तेवढे काढायचे आणि एका फोल्डरात कोंबायचे. आता दुकानात गिऱ्हाईक कमी, तर मी एकेक अल्बम पूर्ण ऐकतो आहे. सध्या 'जोगवा'. अजय-अतुलचा. संगीत, गायक, गायिका, तिन्ही राष्ट्रीय पुरस्कार एकाच सिनेमाला. जीव रंगला मी हजारो चिपांत भरलं असेल, पण त्याच्या आजूबाजूची देवीची गाणी आत्ता ऐकली. त्या संबळीच्या आवाजानंतर ते हळू गाणं येतं तेव्हा ते वेगळंच लागतं. इतकी वर्षं मी लोकांना अर्धंच दिलं.

तूरवाला

चिपवाले भाऊ तुमी मनाले लावून नका घेऊ. तुमच्या चिपीवर आमचे लग्नं झाले.

ढोरं बांधले. माहं सांगतो. मले अल्बम बिल्बम समजत नाही पन राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन पेनड्राईवमंधी आहे ते ट्रॅक्टरवर लावतो. पूर्ण. खंजिरीवरचे. आमचा बुडा मोझरीले पायी जाये दरसाल पुण्यतिथीले. मलेही नेलं लहानपनी. तठी मौन श्रद्धांजली राह्यते. हजारो मानूस अन् आवाज नाही. बुड्यानं माहा हात असा दाबून धरला होता. मंग पुन्हा खंजिरी वाजली त अंगात वीज गेल्यासारखं झालं. आता ट्रॅक्टरवर दोन भजनाच्या मंधात जेवढं थांबते ना तेवढ्यात मले ते आठवते.

निळी पहाट

आमच्या घरी अल्बम म्हणत नव्हते. "औंदाची कॅसेट" म्हणायचे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावातून ट्रक निघायचा दीक्षाभूमीला. भाकरी, ठेचा, पाण्याच्या कॅना, आणि आम्ही लेकरं मधोमध. माय पुस्तकांच्या स्टॉलवर थांबायची, बाबा कॅसेटच्या. येताना पुस्तकं दोन आणि कॅसेट एक, हे दरवर्षीचं. मायला तेव्हा वाचता येत नव्हतं, तरी पुस्तकं तीच निवडायची, मुखपृष्ठ पाहून आणि विकणाऱ्याला विचारून विचारून. कॅसेट बहुतेक वेळा वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची, नाही तर प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, पण आमच्या वस्तीत विचाराल तर ते आमचेच. दादांनाही अक्षरं मोठेपणी आली, हे बाबांनी मायला सांगितलं, आणि त्यानंतर माय रात्रीच्या साक्षरता वर्गाला जायला लागली. मी तिसरीत, माय पहिलीत. मी तिला शुद्धलेखन घालायचे.

ती कॅसेट वर्षभर वाजायची. पुढची येईपर्यंत दुसरी नाही. त्यामुळे क्रम रक्तात गेला.

आता माझ्या भावानं सगळी गाणी शोधून पेनड्राईव्हवर भरून दिली. हौसेनं दिली हो. पण गाणी मागंपुढं लागतात. माय थोडा वेळ ऐकते आणि बंद कर म्हणते. तिच्या डोक्यात एक गाणं संपतं तेव्हाच दुसऱ्याची ढोलकी सुरू झालेली असते, आणि स्पीकरवर भलतंच येतं. ७१ वर्षांची आहे. तिला तिच्या कॅसेटीसारखं पाहिजे.

सध्या ऐकते काय म्हणाल तर मी कडूबाई खरातांना ऐकते. हातात एकतारी, मागं काही नाही. चुलीपुढं बसून गावं तसं.

चिपवाला

@निळी पहाट ताई, हे जमतं. उद्या करून टाका. स्वस्तातले स्पीकर गाण्याचं नाव पाहत नाहीत. पेनड्राईव्हवर जे गाणं आधी टाकलं ते आधी वाजवतात. म्हणून आधी सगळी गाणी कॉम्प्युटरवर काढून ठेवा. पेनड्राईव्ह फॉरमॅट करा. मग मायला शेजारी बसवा, ती सांगेल त्या क्रमानं एकेक गाणं टाका. एकदम सगळी निवडून टाकू नका, एक पूर्ण गेलं की दुसरं. नावापुढं आकडेही घाला, म्हणजे दुसऱ्या कोणत्या स्पीकरवर लावलं तरी घोळ होणार नाही.

निळी पहाट

इतकं सोपं? भाऊ रविवारी येतो आहे. करते.

सातपुड्याची सून

माझा अल्बम बाजारात मिळत नाही. मेळघाटाच्या पायथ्याला सासर. माझ्या सासूबाईंना भुलाबाईची, म्हणजे भोंडल्यासारखी, गाणी येतात, इतकी की कोजागिरीपर्यंत रोज नवी म्हणतील. लग्न होऊन आले तेव्हा गल्लीत वीस पोरी जमायच्या, आता चार. दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने खाटेवर. तेव्हा मी जमेल तसं एकेक गाणं फोनवर टिपलं. स्वयंपाक करता करता. त्यामुळे तिसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टी आहे, सातव्यात म्हैस, आणि नवव्यात सासरेबुवा "चहा कुठं आहे" म्हणतात. सतरा गाणी झाली.

तेच ऐकते सध्या. भाकरी थापताना. सासूबाई हिंडतात फिरतात आता, आणि स्वतःचाच आवाज ऐकून म्हणतात, "ही बाई चांगलं म्हणते."

झाडीची लेक

सासरेबुवांना चहा मिळाला का? 😄

सातपुड्याची सून

मिळाला, दहाव्या गाण्याच्या आधी.

निवृत्त गुरुजी

ही सतरा गाणी दोन-तीन जागी जपून ठेव पोरी. फोन पाण्यात पडला तर गेलं सगळं.

मी सध्या गझलेत आहे. भीमराव पांचाळ्यांचा 'एक जखम सुगंधी'. ते आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. मराठी गझल म्हटलं की सुरेश भट, तेही अमरावतीचेच, १९३२ चा जन्म. मी बीएडला असताना भटसाहेबांना मंचावरून गझल म्हणताना ऐकलं आहे. भारदस्त देह, पोलिओनं लहानपणीच अधू झालेला पाय, आणि आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेला धडकणारा.

गझल ऐकायची तर गायकानं शेराची पहिली ओळ दोन-तीनदा म्हणावी लागते. का? ऐकणाऱ्यानं मनात दुसरी ओळ शोधावी म्हणून. पहिली ओळ हवेत टांगून ठेवायची, लोकांना थांबवायचं, आणि मग दुसरी अशी टाकायची की रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणारा शब्द, येण्याआधी सगळं सभागृह ती म्हणून मोकळं होतं. पांचाळ्यांना ते थांबणं साधलं आहे. ते घाई करत नाहीत. मी चाळीस वर्षं वर्गात कविता शिकवली आणि दुसरी ओळ लगेच सांगून टाकत आलो. पोरांना थांबू द्यायला हवं होतं.

माझी बायको मागच्या वर्षी गेली. संध्याकाळी एकटाच असतो. खुर्ची अंगणात टाकतो आणि पूर्ण अल्बम ऐकतो. शेजारचा नातवाएवढा पोरगा भिंतीवर बसून ऐकतो, वाह वाह म्हणतो, चुकीच्या जागी. पण म्हणतो.

मूर्तिजापूरवाला

गुरुजी 🙏 कधी अमरावतीला आलो तर अंगणात येऊन बसेन.

गोळ्यावाली आशाताई

आत्ता वेळ मिळाला, तीन घरं व्हायची आहेत अजून. घाईत लिहिते.

आमच्या गावात भजनी मंडळात पुढं म्हणणारे एक काका. त्यांना टीबी झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या. दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं तसं गोळ्या बंद करतो म्हणाले. तिथंच लोक फसतात, अर्धवट सोडलं की रोग औषधाला दाद देईनासा होतो. मी रोज जायचे. एक दिवस म्हणाले, "बाई, दम पुरत नाही, आता मी काय गाणार, कशाला खाऊ गोळ्या."

मला गाण्यातलं कळत नाही. पण ट्रेनिंगला एका मॅडमनी कुमार गंधर्वांचं सांगितलं होतं. त्यांना ऐन तरुणपणी टीबी झाला, हवापालट म्हणून १९४८ ला देवासला गेले. गायला बंदी, काही वर्षं खाटेवर. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतं आलं होतं, त्यानं वाचले, पण एक फुप्फुस निकामी झालं. पडल्या पडल्या दारावरून जाणाऱ्या जोग्यांची भजनं आणि माळव्यातल्या बायांची गाणी ऐकली. उठले ते नवंच गाणं घेऊन. लांब दम नव्हता तर छोट्या छोट्या तुकड्यांत गायले.

मी काकांना कुमारजींची निर्गुणी भजनं लावून दिली, पूर्ण, आणि मध्येच श्वास घेतात ती जागा दाखवली. काका म्हणाले, "हा माणूस थांबून राह्यला आन थांबला तेबी गाणंच आहे." गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. या सप्त्यात काकड्याला उभे होते. पुढं नाही, मागं. पण उभे होते.

मी तेव्हापासून तोच लावते, सायकलवर, घराघरात जाताना. पळते आता.

कापूसवेचणी

आशाताई तुमचे पाय धरावे वाटते.

धुऱ्यावरचा

सगळं सावकाश वाचलं. काहींचं दोनदा. आशाताई, कुमारजींची निर्गुणी उद्या रात्री बाभळीवर.

चिपवाले भाऊ, एक विचारायचं आहे. बाबांच्या आणखी बावीस कॅसेट आहेत, पेटीत. काहींवर पांढरी बुरशी आली आहे. उतरवून घेता येतील का?

चिपवाला

येतील. बुरशीवाल्या वेगळ्या ठेवा, टेपला लावू नका, बुरशी हेडला लागून बाकीच्या कॅसेट खराब करते. त्या माझ्याकडं घेऊन या, उघडून साफ करू. चांगल्या आहेत त्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, कारण वर्षानुवर्षं पडून पट्टी एकमेकीला चिकटलेली असते. हेड कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. आवाज दबलेला आला तर हेडशेजारी बारीक स्क्रू असतो, गाणं चालू ठेवून तो अगदी थोडा फिरवा, एका जागी आवाज एकदम उघडेल. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, घाई नाही चालत.

आणि बाजू पलटायचा खटका कापू नका. राहू द्या तो.

धुऱ्यावरचा

तो कसा कापीन.

निळी पहाट

रविवार झाला. केलं. माय शेजारी बसली होती, चष्मा लावून, कॉम्प्युटरवर गाण्यांची नावं स्वतः वाचून सांगत होती, हे आधी, हे नंतर. एका ठिकाणी भावाचं आणि तिचं जुंपलं, भाऊ म्हणे हे चौथं, ती म्हणे पाचवं. तिचंच बरोबर निघालं, कॅसेटचं जुनं कव्हर सापडलं. आता लावलं आहे. बंद कर म्हणाली नाही अजून.

एसटीचा पास

आजीनं विचारलं, ते रडणाऱ्या बाईचं गाणं आहे का अजून तुह्याजवळ. उद्या पूर्ण अल्बम ऐकवतो. घड्याळांच्या आधी सांगून ठेवीन तिला.

तूरवाला

धुऱ्यावरचे भाऊ, डुकरं आले का?

धुऱ्यावरचा

नाही आले. काल विहिरीकडं टांगला होता, आज नाल्याकडं. तुमचं ऐकलं. पावणेबारा झाले, निघतो. पाईप बदलायचे आहेत.

झाडीची लेक

कानाला मफलर बांधून जा भाऊ, थंडी आहे.